दोन सह्यांची बाटली

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नव्हे. कीर्तनात बुवा राक्षसाचा वध रंगवतात तेव्हा आपण टाळ्या पिटतो. या गोष्टीतही वध आहे, पण टाळीला जागा नाही. देवाला स्मरून सांगतो, एक अक्षर गोड करणार नाही. ऐका.

एक्याण्णव सालचा कार्तिक. कोपरच्या पलीकडे, खाडीला लागून पंचवीस-तीस घरांचा कोळीवाडा. त्यात परशुरामाचं घर. घरात तीन माणसं: परशुराम, त्याची बायको मालू आणि म्हातारी आई आवडाबाई. होडी होती, जाळं होतं, पण घर चालायचं ते निवट्यांवर. निवटा म्हणजे चिखलात बीळ करून राहणारा वीतभर मासा. ओहोटी लागली की खाडीचा काठ उघडा पडतो. परशुराम मांडीपर्यंत चिखलात रुतायचा, कुशीवर आडवा व्हायचा आणि बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा. बोटांना निवट्याची वळवळ लागली की मूठ आवळून बाहेर काढायचा. दिवसाला दीडदोनशे वेळा हात आत, हात बाहेर.

त्याच ओहोटीला डोंबिवलीच्या कारखान्यांकडून येणारा नाला रंग बदलायचा. एका कंपनीने कुंपणाखालून मोठा पाइप नाल्यात काढला होता. टाकीत साठवलेलं पाणी ती उतरत्या पाण्यावर सोडी, म्हणजे तासाभरात सगळं खाडीत आणि खाडीतून समुद्रात. कधी पिवळं, कधी जांभळं, वर तेलाचा तवंग.

"आपली नि त्यांची येल एकच रं," आवडाबाई म्हणायची. "पानी उतरलं का आपन हात घालतंव, नि ते इख घालतान."

परशुरामाच्या दोन्ही हातांची साल कोपरापासून निघाली होती. फोड यायचे, फुटायचे, खालचं मांस लाल दिसायचं. मालू रात्रीचा भात उपसला की त्यावर खोबरेल लावायची. तो दात आवळून बसायचा, आणि दुसऱ्या ओहोटीला तेच हात पुन्हा बिळात.

मालू पाटी घेऊन डोंबिवलीच्या बाजारात बसायची. एके सकाळी कॉलनीतली एक नेहमीची बाई आली. हातात प्लास्टिकची पिशवी.

"काल काय दिलंस गं मला? तव्यावर टाकले आणि सगळं घर रॉकेलनं भरलं. पाहुणे होते माझ्याकडे!"

"बाय, सकालीच पकरलेलं व्हतं."

"मग हुंग ना!" बाईने पिशवी मालूच्या मांडीवर उलटी केली. तळलेले निवटे लुगड्यावरून घरंगळून रस्त्यावर पडले. शेजारच्या कोळणी खाली बघत राहिल्या. मालूने एकेक निवटा उचलला, नाकाशी नेला आणि पाटीत ठेवला. वास खरंच रॉकेलचा होता.

परशुराम कचेऱ्यांच्या पायऱ्या चढला. पालिकेत सांगितलं, "रसायनाचं पाणी आमच्याकडे येत नाही. ते राज्याच्या प्रदूषण मंडळाचं." मंडळात सांगितलं, "उघडा नाला पालिकेचा. पालिकेने पत्र दिल्याशिवाय आम्ही कसे येणार?" त्याने हात पुढे केले. टेबलामागचा कारकून मागे सरला.

"हात खाली घे. फायलीला लागेल."

तीनदा तपासणी झाली. दोनदा मंडळाची माणसं सकाळी अकराला आली. दोन्ही वेळा नेमकी भरती होती. नाल्यात खाडीचं पाणी छातीपर्यंत, पाइप बुडालेला. त्यांनी खाडीचंच पाणी भरून नेलं. एकदा पालिकेचा माणूस आला, त्याला पाणी भरायचा अधिकार नव्हता. तिन्ही वेळा कागदावर एकच वाक्य: पाहणीच्या वेळी आक्षेपार्ह काही आढळले नाही.

घातक कचऱ्याचे नवे नियम आले होते. त्या कार्तिकात वरून हुकूम आला की मंडळाने आणि पालिकेने एकत्र तपासणी करावी. मंडळाकडून वझे नावाचे तरुण अधिकारी नेमले गेले. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. पालिकेकडून स्वच्छता निरीक्षक यायचा, पण त्याने आपल्या हाताखालच्या मुकादमाला पुढे केलं. मुकादमाचं नाव धोंडिबा. कल्याणच्या एका चाळीत राहणारा, बौद्ध माणूस, पन्नाशीला आलेला. वीस वर्षं गटारं आणि नाले त्याच्या हाताखालून गेले होते.

दोघे परशुरामाच्या दारी आले. वझे ओट्यावर बसले. धोंडिबा सवयीने खालच्या पायरीवर टेकला.

"वर या ना भाऊ," मालू म्हणाली.

"बरं आहे इथं. बूट घाण आहेत."

"आमचं पाय काय देवघरानशी आलंत?" आवडाबाई म्हणाली. "ये वर."

धोंडिबा हसला आणि वर आला. चहाचा घोट घेऊन वझ्यांना म्हणाला, "साहेब, आपलं चुकतंय कुठं सांगू? आपण तारखेवर चालतो. पाणी तिथीवर चालतं. या म्हातारीला विचारा."

आवडाबाईने बोटांच्या पेरांवर मोजलं. तिथीची पाऊणपट काढायची, भरतीची वेळ हातात येते. कोळ्याच्या पोराला हे पाढ्याआधी शिकवतात. "पुनवेच्या दुसरे दिसा या," ती म्हणाली. "बारा-एकला भरती भरंल. तीनला पानी निम्मं उतरंल, पाइप उघरा परंल. तवाच ते सोरतान."

"तीन वाजता. म्हणजे कचेरीच्या वेळेत बसतं," वझे म्हणाले आणि लिहून घेतलं. मग सांगितलं, "दोन बाटल्या भरायच्या, एक कंपनीला द्यायची, एक प्रयोगशाळेत जाणार. तिच्यावर जागच्या जागी दोन सह्या हव्यात, माझी आणि पालिकेची. एक जरी नसली, तरी कंपनीचा वकील म्हणेल की हे पाणी त्या पाइपाचं नाहीच. आणि परशुराम, त्या दिवशी तुम्ही कुणी खाडीत उतरू नका. पण का ते कुणाला सांगू नका. एक शब्द नाही."

परशुरामाने मान डोलावली.

पण कोळीवाड्याची एक रीत होती. खाडीत जीवाला धोका आहे असं ज्याला कळेल, त्याने देवळापुढे गावकीत उभं राहून, नारळावर हात ठेवून, कारणासकट सांगायचं. आत हात घालणाऱ्या माणसापासून धोका लपवणं म्हणजे आपल्या हाताने त्याला बुडवणं. असं लपवणाऱ्याचं पाणी गावात कुणी पीत नसे.

दोन दिवस परशुराम जेवला नाही धड. शेवटी मालूला म्हणाला, "बारा बाया चिंबोऱ्या कारायला उतरतान. त्या दिशी साहेबाला बगून कंपनीनं सगली टाकी एकदम सोरली तर? मी घरान बसू नि त्यांना मरू देऊ?"

"नुसतं सांगा, उतरू नका."

"कारन इचारतील. नारलावर हात ठेवून खोटं बोलू?"

पुनवेच्या सकाळी गावकी बसली. परशुरामाने नारळावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. उद्या तीन वाजता, दोन सरकारं, बाटली, सह्या. माणसं ऐकत होती. त्यात नाथा होता. नाथा म्हणजे परशुरामाच्या चुलत्याचा मुलगा. एका ताटात जेवलेले दोघे. नाथा आता कंपनीची रिकामी पिंपं उचलायचं कंत्राट घ्यायचा आणि पांढरे बूट घालायचा. कंपनीला ओहोटीची वेळ तोच सांगे, हे गावाला माहीत होतं. पण नातं होतं, गावकीत त्याची जागा होती. तो उठून गेला नाही, वाद घातला नाही. दोन्ही हात पुढे करून त्याने त्याच नारळाच्या खोबऱ्याचा तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. अडीचला जीप आली. स्वच्छता निरीक्षकाच्या छातीत दुखत होतं म्हणे, तो आला नाही. धोंडिबा आला, एकटा, खिशात अधिकारपत्र, पायात फाटके गमबूट. परशुराम हातात वल्हं घेऊन वाट दाखवायला पुढे. खाडी रिकामी होती. इतकी रिकामी खाडी परशुरामाने कधी पाहिली नव्हती.

तीनला पाइपाचं तोंड उघडं पडलं. थोडा वेळ काही नाही. मग पाइपातून गुरगुर आली, आणि काळपट तांबडं पाणी धबधब कोसळलं. वाफ उठली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"थांबा, मी उतरतो," वझे म्हणाले.

"तुम्हाला चिखलात उभं राहता येणार नाही, साहेब." धोंडिबाने तोंडाला फडकं बांधलं आणि उतरला. पहिली बाटली भरली, बूच लावलं, वर परशुरामाकडे दिली. दुसरी भरली. तेवढ्यात बांधावर टेम्पो उभा राहिला.

पाच जण उतरले. लोखंडी सळ्या, एकाकडे सायकलची चेन. मागून नाथा, पांढरे बूट चिखलाला लागू नयेत म्हणून दगडावरून दगडावर पाय टाकत. जीपच्या ड्रायव्हरने एकदा पाहिलं आणि गाडी मागे घेतली. वळवली आणि निघून गेला.

"क्या भर रहेला है, साब?" पुढच्याने विचारलं आणि उत्तराआधी वझ्यांच्या थोबाडीत दिली. चष्मा उडाला. दुसऱ्याने तो टाचेखाली घेतला.

"मी सरकारी अधिकारी आहे. तुम्ही..."

दुसरी थप्पड. ओठ फाटला. वझे गुडघ्यावर आले तरी कापडी पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती.

परशुरामाच्या हातातल्या बाटलीवर सळी बसली. काच फुटली, पाणी त्याच्या सोललेल्या हातांवर सांडलं. तो गुरासारखा ओरडला. त्याने वल्हं फिरवलं, एकाच्या बरगड्यांत बसलं, तो वाकला. मग चेन त्याच्या मानेवर आली, मग पाठीवर, सळी खांद्यावर. खांदा उखळीतून निघाल्यासारखा खाली लोंबला.

"नाथा!" त्याने हाक मारली. "नाथा, मी हाय रं!"

नाथा म्हणाला, "तुला कोनी सांगितलं व्हतं हिरो बनायला? टाकी भरली व्हती, पानी सोरायलाच लागनार व्हतं." मग त्या माणसांना म्हणाला, "एक बाटली बाकी आहे. खाली, त्या म्हाताऱ्याकडे."

धोंडिबाने बाटली सदऱ्याच्या आत, बनियनमध्ये घातली होती. तिघे नाल्यात उतरले. त्याने दोन्ही हात छातीवर आवळले आणि पालथा पडला. ते त्याला लाथा घालत होते, पाठीत, कमरेत, डोक्यात. तो उलथत नव्हता. एकाने केस धरले आणि त्याला ओढत पाइपाखाली नेलं. ती तांबडी धार डोक्यावर, मानेवर, तोंडावर. फडकं वाहून गेलं. धोंडिबाने एकदा मान वर केली. ज्याने तो चेहरा पाहिला, तो विसरला नाही. मग मानेवर बूट आला आणि चेहरा पुन्हा खाली. त्यांचेही पाय भाजत होते, ते शिव्या देत नाचत होते, पण मानेवरचा बूट निघत नव्हता.

"बाटली छोड, बुढ्ढे!"

बुडबुडे आले. हात छातीवरून सुटले नाहीत.

वाड्यातून आरडाओरडा आला. घरात बसायला सांगितलेल्या बाया बसल्या नव्हत्या. मालू पुढे, हातात कोयता. मागे दहाबारा जणी, कुणाकडे काठी, कुणाकडे दगड. आवडाबाई कासोटा आवळून धावत होती. मालूने मानेवर बूट ठेवणाऱ्याच्या पोटरीत कोयता घातला. तो आडवा पडला, रक्त तांबड्या पाण्यात मिसळलं आणि दिसेनासं झालं. दगड पडायला लागले. बाकीचे त्याला ओढत टेम्पोकडे पळाले.

नाथा मागे राहिला. एक बूट चिखलात अडकला होता आणि तो त्यातून पाय काढत होता. परशुरामाने चांगल्या हाताने वल्हं उचललं. नाथाने वर पाहिलं. "दादा," तो म्हणाला. वल्हं जबड्यावर बसलं. दात उडाले. परशुरामाने दुसऱ्यांदा उचललं तेव्हा मालूने मागून मिठी घातली. "पुरे. मरंल तो. पुरे!"

टेम्पो निघून गेला. नाथा चिखलात घरघरत पडला.

धोंडिबाला वर काढलं. बायांनी घागरीच्या घागरी गोडं पाणी त्याच्यावर ओतलं. कातडी फडक्यासारखी सुटत होती. डोळ्यांवर पांढरी साय आली होती. त्याने बनियनमध्ये हात घालून बाटली काढली. बूच जागेवर होतं.

"साहेब आहेत का?"

"आहे, धोंडिबा." वझे चष्म्याशिवाय चाचपडत पुढे आले.

"सील करा. लगेच करा."

वझ्यांनी पिशवीतून बाटलीवर लावायची चिठ्ठी काढली, लाख काढली. त्यांची काडेपेटी भिजली होती. आवडाबाईने कनवटीतल्या एकुलत्या एका काडीने विडी पेटवली, तीन दम मारून निखारा लाल केला आणि लाखेच्या कांडीला टेकवला. लाख थेंबथेंब बुचावर पडली. वझ्यांनी शिक्का दाबला, चिठ्ठीवर सही केली. मग पेन धोंडिबाच्या बोटांत दिलं. बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती.

"अंगठा चालेल," वझे म्हणाले. "राहू द्या. अंगठा द्या फक्त."

"अंगठा कुणाचाही म्हणतील ते." धोंडिबा धापा टाकत होता. "मला दिसत नाही. जागेवर बोट ठेवा."

वझ्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. धोंडिबाने त्यांचं बोट चाचपलं आणि त्याच्या शेजारी सही केली. पूर्ण नाव, आडनाव, हुद्दा, पालिकेचं नाव. काना, मात्रा, काही सोडलं नाही. मालू आणि चार बाया त्याचं अंग धरून होत्या, तो थरथरू नये म्हणून.

रस्त्याच्या नाक्यावर टेम्पो उभा असणार, हे मालूने ओळखलं. तिने बाटली पाटीत तळाला ठेवली, वर शिळे निवटे पसरले, पाटी डोक्यावर घेतली. टेम्पोवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि तोंड फिरवलं. ती चालत डोंबिवलीत गेली, रिक्षाने कल्याणला, आणि मंडळाच्या कचेरीत साहेबाच्या टेबलावर सगळे निवटे ओतून खालून बाटली काढली.

धोंडिबाला फळीवर घालून बांधापर्यंत नेलं, तिथून रिक्षात. नाथालाही दुसऱ्या रिक्षात घातलं. तो जगला, जबडा तारेने शिवून पोलिसांच्या पहाऱ्यात. धोंडिबा तिसऱ्या दिवशी दुपारी गेला.

पालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाने लिहून दिलं की सदर मुकादम त्या दिवशी कामावर नव्हता, आपण त्याला पाठवलं नव्हतं. अधिकारपत्र नाल्यात लगदा झालं होतं. कंपनीचा वकील म्हणाला, मग पालिकेची सही कसली? वझे ओठाला टाके घेऊन पालिकेत गेले, आयुक्तांपुढे ती चिठ्ठी ठेवली. "हुद्दा लिहिलाय त्यांनी. तुमच्या कचेरीचं नाव लिहिलंय. डोळे गेल्यावर. हा माणूस तुमचा नव्हता असं मला लेखी द्या." लेखी द्यायला कुणी तयार होईना. आठवड्याने मंडळाचं आणि पालिकेचं पत्र एकत्र निघालं, एकाच कागदावर. कंपनीची वीज तोडली, पाणी तोडलं, पाइपाच्या तोंडात सिमेंट भरलं. ती कंपनी पुन्हा उघडली नाही. तसले पाइप आणखी होते, ते मी नाकारत नाही.

गावकीने ठरवलं की गावच्या मासळीतला, खाडीत मेलेल्याच्या घरी जाणारा वाटा धोंडिबाच्या घरी जायचा. एक म्हातारा कुरकुरला, तो आपला कोळी नव्हता म्हणून. आवडाबाईने त्याच्या पुढ्यातली तपकिरीची डबी उचलून भिरकावली. वाटा कायम झाला.

वाटा घेऊन परशुराम गेला, हात गळ्यात बांधलेला. कल्याणच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर भीमाबाई, धोंडिबाची बायको. कपाळ मोकळं. तिने त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. सुरमई होती पाटीत, खोल पाण्यातली, मुद्दाम आणलेली. भीमाबाईने पाटीकडे बघितलं नाही.

"एक विचारते," ती म्हणाली. "घरातून निघताना हे मला बोललेले, तीनचं काम आहे, कुणाला माहीत नाही, भिऊ नको. मग त्या लोकांना कळलं कसं?"

खाली नळावर बाया भांडत होत्या. परशुरामाने पाण्याचा पेला खाली ठेवला. वझ्यांनी त्याचं नाव कुठे लिहिलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं नव्हतं. एकट्या नाथावर सगळं गेलं होतं.

"मी सांगलं," तो म्हणाला. "गावकीन. नारलावर हात ठेवून. आमची मानसं उतरू नयेत म्हनून."

"तुमची माणसं."

"हां."

भीमाबाई उठली. तिने त्याच्या तोंडात मारली. मग दुसऱ्या बाजूने मारली. मग दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, बांधलेल्या खांद्यावर मारत राहिली. तो कळवळला पण हलला नाही. शेजारणी दारात आल्या. कुणीतरी तिचे हात धरले.

"सोडा मला," ती म्हणाली आणि धापा टाकत खाली बसली. मग विचारलं, "किती बाया होत्या?"

"बारा. एक पोटुशी व्हती."

"त्या उतरल्या असत्या तर?"

"त्या दिशी पायपाखाली कोनी वाचलं नसतं."

ती पदर तोंडाशी धरून बसली. "यांनी पण सांगितलंच असतं," शेवटी म्हणाली. "गटारात माणूस उतरायच्या आधी हे सगळ्या गल्लीला ओरडून सांगायचे. साहेब चिडायचे." आणि मग रडू फुटलं तिला, पहिल्यांदाच, असं शेजारणी नंतर सांगत.

तिने सुरमई घेतली नाही. परशुराम दर पुनवेच्या दुसऱ्या दिवशी जात राहिला. सहाव्या खेपेला तिने पाटीला हात लावला.

झाली गोष्ट. आता उठाल, देवाला हात जोडाल. तुमच्या ओठांवर संतांची नावं येतील, येऊ द्या. त्या रांगेत शेवटी थोडी जागा करा, आणि कल्याणच्या चाळीतल्या मुकादम धोंडिबाची तेवढी आठवण ठेवा.